कागद हलला पाहिजे

कलब्यात बाईंना 'अबला' म्हणतात.
पहिल्या सोमवारी दारातूनच चोवीस गळे: अबला! अबला!
मला हसू फुटलं, आणि तिथंच चुकलं.
बालवर्गात पहिल्या दिवशी बाईंनी हसायचं नसतं,
साताऱ्यात अकरा वर्षं हेच तर पाळलं होतं.

नावाचंही तेच. त्यांच्या लिपीत प नाही,
म्हणून मी अबला बद्मजा.
पेनाचं बेन, पेपरचा बेबर,
आणि खलफच्या बापाची गाडी कायम बार्किंगमध्ये.

मग खेळ काढला.
टिश्यू पेपरच्या पट्ट्या, करंगळीएवढ्या,
ओठांसमोर धरायच्या, म्हणायचं, पेन.
कागद हलला तर तुम्ही मासे, निळ्या चटईवर उड्या.
नाही हलला तर खेकडे, बसा खाली.
पट्ट्या वाटायचं काम उबैदला,
कारण बाकावरून उडी मारतो तोही उबैदच,
आणि हातात काम असलं की त्याचे पाय जमिनीवर राहतात.

आरडाओरडा झाला की आवाज चढवायचा नाही,
उतरवायचा,
इतका, की त्यांना मान पुढे करावी लागेल.
तीन टाळ्या. लाल कार्ड. पुन्हा तीन.
हे सगळं मी वहीत लिहून ठेवलंय;
वहीत सगळं जमतं.

पण एसी.
एसीच्या झोतात पट्ट्या आपोआप फडफडत.
ब म्हणा, हलते. गप्प बसा, हलते.
सगळेच मासे, चटईवर चेंगराचेंगरी,
मैथाच्या वेणीवर कुणाचा तरी बूट.
रोवेनाला म्हटलं, बंद कर.
मे महिन्यात? तिनं विचारलं, आणि बंद केला.

घरघर थांबली.
मला टाळ्यांनी, कार्डांनी, वर्षभरात मिळाली नव्हती
ती शांतता आयती वर्गात येऊन बसली.
चोवीस कपाळांवर घाम,
चोवीस पट्ट्या सरळ, निमूट,
आणि दूर कुठेतरी बोटीचं इंजिन
सुरू होता होता बंद पडलेलं.

वदीमा सप्टेंबरपासून एक शब्द बोललेली नव्हती.
हजेरीला नुसता हात.
तिनं पट्टी धरली, डोळे मिटले.
प.
पट्टी निसटली आणि उबैदच्या घामट नाकाला चिकटली.
मी काही म्हटलं नाही. टाळ्यासुद्धा नाही.
असल्या वेळी कौतुक केलं
तर मूल पुन्हा आत जातं, गोगलगाईसारखं.

'आता तू, अबला,' उबैद म्हणाला, नाकावर पट्टी तशीच.
मी ऐटीत म्हटलं, पद्मजा.
पट्टी ढिम्म.
पुन्हा म्हटलं. पेन, पेपर, पद्मजा.
आपला प ओठांतल्या ओठांत उघडतो,
वारा बाहेर सांडत नाही.
चाळीस वर्षं मी माझं नाव घेते आहे,
कधी कागद धरून पाहिला नव्हता.
'अबला खेकडा!'
नियम म्हणजे नियम. मी खाली बसले,
गुडघा कटकन वाजला.

वदीमा आली. दोन बोटांनी माझी हनुवटी धरली,
जशी मी त्यांची धरते,
आणि माझ्या तोंडावर फुंकलं: प्-ह!
खजुराचा वास. थोडी थुंकीही.
मग ती थांबली, माझ्या उत्तराची वाट बघत,
अगदी न रागावता.

आता सगळ्यांना वाऱ्याची चटक लागली आहे.
केळ्याला पनाना, बसला पस.
खलफचे वडील येऊन विचारून गेले,
पोरगा मला बाबाऐवजी पापा का म्हणतो?
मी म्हटलं, होईल कमी.
होईलच असं नाही.

रात्री खोलीत एसी बंद करून
मी पट्टी धरते. प. प. पद्मजा.
मध्येच दादाचा फोन, कराडहून.
बोलता बोलता थबकतो.
'काय गं, फुंकर कसली घालतेयस?
भाजलं का कुठं?'